आजोबांची पिकअप, दुसऱ्या इंजिनाची

आज कोड नाही, गाडी.

गडहिंग्लजला आमच्या दारात आजोबांची 1986ची महिंद्रा पिकअप आहे. बॉडी तीच. पण पप्पांनी त्यात नवीन डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. आता आंबोली घाट हसत चढते.

बोअर मारायला पैसे हवेत म्हणून विकायला काढली. निपाणीचा एक जण लगेच टोकन देऊन गेला. गाडी कर्नाटकात जाणार म्हणजे फॉर्म 28ची एनओसी लागणार. त्यासाठी आरसी काढली, तर इंजिन नंबर जुनाच! म्हणजे कोड बदलला, पण डॉक्युमेंटेशन अपडेटच नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, इंजिन बदललं तर 14 दिवसांत आरटीओला कळवा. गिऱ्हाईक म्हणालं, “असू दे, मी बघतो.” पण नाव आमचंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाई कुणी द्यायची? 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक.

मी टोकन परत दिलं. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, “चल, कोल्हापूरला जाऊन येऊ.”

तुम्ही जुनी गाडी घेताय? आधी बॉनेट उघडा, नंबर आरसीशी जुळवा. मग चहा घ्या, भाव करा.