आभाळात जाणाऱ्या पाण्याचा हिशेब

(क्रेगीबर्न येथे मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. पडद्यावर दाखवलेली चित्रे इथे छापता येत नाहीत, म्हणून काही ठिकाणी दोन वाक्ये वाढवली आहेत.)



सचिवबाईंचा फोन आला तेव्हा मी विषय सांगितला : ‘उपग्रहावरून बाष्पपर्णोत्सर्जनाचा अंदाज’. पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “चालेल, पण जेवणाच्या आधी ठेवूया. जेवणानंतर ठेवलं तर ऐकायला कुणी जागं राहणार नाही.” तेव्हा आता तुम्ही भुकेले आहात आणि मी बोलतो आहे. लवकर आटपायचा प्रयत्न करतो.

शब्द मोठा आहे, गोष्ट साधी. जमिनीतून आणि तळ्यातून पाण्याची वाफ होते ते बाष्पीभवन. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून सोडतं ते पर्णोत्सर्जन. दोन्ही मिळून इंग्रजीत ‘ईटी’. स्पीलबर्गच्या सिनेमातला परग्रहावरचा पाहुणा नव्हे, हा आपल्याच घरचा. आणि खातो भरपूर! मरे-डार्लिंग खोऱ्यात पडणाऱ्या पावसापैकी साधारण ९४ टक्के पाणी असं परत आभाळात जातं. नद्यांना मिळतं जेमतेम चार टक्के. आपण भांडतो ते या चार टक्क्यांवर.

आपल्या अंगणापासून सुरुवात करू. आपल्यापैकी जे २००७ ते २०१० या काळात इथे होते त्यांना ते दिवस आठवत असतील. हिरवळीला पाणी घालायला बंदी, अंघोळीचं पाणी बादलीत धरून गुलाबाला. २००९ च्या जूनमध्ये मेलबर्नच्या धरणांत सुमारे २६ टक्केच पाणी उरलं होतं. माणशी रोज १५५ लिटरचं लक्ष्य दिलेलं होतं. आता हिशेब करा. मागच्या दारी पन्नास चौरस मीटर हिरवळ आहे. जानेवारीतल्या कडक दिवशी ती सहा मिलिमीटर पाणी उडवते असं धरा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. झाले तीनशे लिटर, म्हणजे दोन माणसांचा दिवसाचा कोटा, आणि तोही एवढ्याशा गवताला!

हे मोजायचं कसं? जुनी रीत म्हणजे हवामान केंद्रावरचं ऊन, वारा, तापमान, आर्द्रता घेऊन गणित मांडायचं. १९४८ साली पेनमन यांनी पाया घातला, पुढे मॉन्टीथ यांनी भर घातली, आणि १९९८ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने त्याची जी पद्धत प्रसिद्ध केली ती आज जगभर वापरतात. प्रत्येक पिकाला एक गुणांक दिलेला असतो. भर वाढीतल्या उसाला १.२५, म्हणजे उत्तम पाणी दिलेल्या गवतापेक्षा सव्वापट. पण ही पद्धत धरून चालते की पीक निरोगी आहे आणि त्याला पोटभर पाणी मिळालं आहे. प्रत्यक्षात शेजारीशेजारी एक शेत तुडुंब असतं आणि दुसरं करपत असतं.

इथे उपग्रह येतो. तो वाफ बघत नाही, वाफ कुणालाच दिसत नाही. तो बघतो ताप. उन्हाळ्यात आजीच्या माठातलं पाणी गार का व्हायचं? पाझरलेलं पाणी उडताना उष्णता घेऊन जायचं म्हणून. शेतही तसंच. पाणी मिळालेलं शेत गार, तहानलेलं शेत तापलेलं. लँडसॅट उपग्रह ७०५ किलोमीटरवरून, सकाळी दहाच्या सुमाराला, हा फरक टिपतो.

पुढचं गणित घरखर्चासारखं आहे. उन्हाची जी निव्वळ कमाई शेताला होते तिचे तीन खर्च : थोडी उष्णता जमिनीत मुरते, काही हवा तापवते, आणि उरलेली पाण्याची वाफ करते. पहिले दोन खर्च काढता आले तर तिसरा आपोआप कळतो. लिटरभर पाण्याची वाफ करायला साधारण २.४५ मेगाज्यूल लागतात, तेव्हा उष्णतेवरून पाणी काढणं सोपं. अवघड आहे ते हवा किती तापली हे काढणं. नेदरलँड्सच्या बास्टिआनसेन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सेबाल’ पद्धतीत एक छान युक्ती आहे. त्याच चित्रातला एक कोरडा ठणठणीत तुकडा निवडायचा, जिथे वाफ जवळजवळ शून्य, आणि एक भिजलेला हिरवागार तुकडा, जिथे जवळपास सगळी कमाई वाफेवर खर्च होते. बाकी सगळी शेतं या दोन टोकांच्या मध्ये बसवायची. अमेरिकेत आयडाहोच्या रिचर्ड अ‍ॅलन यांनी याच वाटेने ‘मेट्रिक’ पद्धत आणली. इथे सीएसआयआरओने पानांचा हिरवेपणा आणि ओल यांवरून काम करणारी वेगळी पद्धत बसवली आहे. २००८ पासून लँडसॅटची चित्रं फुकट मिळू लागली, तेव्हापासून हे काम खऱ्या अर्थाने पसरलं.

आता मुद्द्यावर येतो. ह्यूम फ्रीवेने उत्तरेला निघालात की तासाभराच्या आत सेमूरला गोलबर्न नदी लागते. त्याच नदीवर पुढे शेपर्टनची पीच-पेअरची बाग. दुष्काळात सरकारने ठरवलं की तिथले गळके कालवे दुरुस्त करायचे, त्यातून २२५ अब्ज लिटर वाचवायचे आणि त्यातला एक तृतीयांश वाटा मेलबर्नला आणायचा. त्यासाठी यी गावाजवळून शुगरलोफ धरणापर्यंत सत्तर किलोमीटरची पाइपलाइन झाली. खर्च सुमारे ७५ कोटी डॉलर. २०१० च्या फेब्रुवारीत ती पूर्ण झाली, वर्षअखेरीस सरकार बदललं आणि नव्या सरकारने ती बंद ठेवली. शेतकऱ्यांनी रस्त्यावर येऊन विरोध केला होता. राजकारण सोडा, पण त्यांचा एक प्रश्न अगदी बरोबर होता : कालव्यातून गळलेलं पाणी जातं कुठे? उडून गेलं किंवा खाऱ्या भूजलात मिसळलं, तर खरंच वाया. पण झिरपून पुन्हा नदीला मिळत असेल तर ते वाया गेलेलं नाही, खाली कुणीतरी ते वापरतं आहे. म्हणजे ‘वाचवलेलं’ पाणी दुसऱ्याच्या ताटातून उचललेलं. हे ठरवायचं तर आभाळात किती गेलं ते माहीत हवं.

मला हे कागदावर ठाऊक होतं. अंगावर आलं ते घरून.

माझा मामेभाऊ लातूरकडे शेती करतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आता बघा : दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर एक एकर ऊस रोज वीस हजार लिटर पाणी आभाळात सोडतो, म्हणजे दहा हजारी दोन टँकर. ती अख्खी गाडी पंचवीस एकर उसाला एक दिवस पुरली असती.

त्यानंतर भावाने उसाला ठिबक केलं. राज्य सरकारनेही २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं होतं. त्याचा फोन आला, “दादा, निम्म्या पाण्यात ऊस येतोय!” मीही शाबासकी दिली. पुढच्या वर्षी दोन एकरांचे चार एकर झाले, मोटर तेवढेच तास चालू. आजूबाजूला सगळ्यांनी हेच केलं. आणि तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच विहिरींनी तळ गाठला.

ठिबकने वाचलं होतं ते पाटाचं झिरपणारं पाणी, जे आधी परत विहिरीत उतरत होतं. उसाच्या पानांतून उडणारं पाणी एकरी होतं तेवढंच राहिलं, आणि एकर झाले दुप्पट. मी त्या शिवाराची उन्हाळ्यातली आधीची आणि नंतरची चित्रं काढून बघितली. गार, ओले तुकडे वाढलेले स्पष्ट दिसत होते. मोठ्या उत्साहाने त्याला फोन केला.

“तिकडं बसून आमचा ऊस मोजायलास का काय?” तो म्हणाला. मग जरा थांबून, “ऊस सोडून काय लावू ते सांग की. तुरीचा भाव कोण बांधून देतंय?”

याचं उत्तर उपग्रहाकडे नाही, माझ्याकडेही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या एकट्याच्या शेताचा आकडा मी छातीठोकपणे देऊही शकत नव्हतो. लँडसॅटच्या तापमानाच्या चित्रातला एक ठिपका शंभर मीटरचा, म्हणजे एक हेक्टर, आपले अडीच एकर. शेपर्टनच्या मोठाल्या शेतांत असे कितीतरी ठिपके बसतात. भावाच्या एका ठिपक्यात त्याचा ऊस, शेजाऱ्याची ज्वारी आणि मधला बांध सगळंच येतं. शिवाय एक उपग्रह सोळा दिवसांनी त्याच जागेवर येतो, दोन मिळून आठ दिवसांनी. मधले दिवस हवामानावरून भरून काढायचे. पावसाळ्यात तर ढगांमुळे आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही. एका दिवसाच्या आकड्यात दहा-वीस टक्क्यांची चूक सहज होते. तेव्हा कुणाच्या शेताला दंड ठोकायला हे हत्यार वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अख्ख्या गावाचा, पाणलोटाचा, हंगामाचा ताळेबंद मांडायला मात्र याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला माहीत नाही. मराठवाड्यात पाण्याची मारामारी होते ती जानेवारी ते मे, तेव्हा आकाशही निरभ्र असतं. भारत आणि फ्रान्स मिळून ‘तृष्णा’ नावाच्या उपग्रहाची तयारी करत आहेत, तो मुख्यतः याच कामासाठी. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण चपखल ठेवलं.

भावाशी दोन महिने अबोला होता. मग मामींनी मध्यस्थी केली असावी, कारण एके दिवशी त्याचाच फोन आला. ती चित्रं मोठी करून पाठव म्हणाला, ग्रामसभेत लावायची आहेत. मी पाठवली, सोबत मराठीत दोन पानं लिहिली आणि त्यात ठिपक्याच्या आकाराची गोष्ट सगळ्यात वर लिहिली. तालुक्याला जाऊन त्याने रंगीत छापून घेतली. सभेत पहिला अर्धा तास लोक आपापलं शेत शोधण्यात गेला म्हणे. एका आजोबांनी विचारलं, एवढ्या वरून विहिरीचं पाणी दिसतं का? नाही, दिसत नाही. भूजल किती उरलं ते विहिरीत दोर सोडूनच बघावं लागतं, आणि ते काम आता शाळेतली मुलं दर महिन्याला करतात, वहीत लिहून ठेवतात. ती वही मला फोटो काढून येते.

चार एकरांपैकी दोन एकरांचा ऊस या हंगामात तुटेल. त्यानंतर तिथे खोडवा ठेवायचा की हरभरा टाकायचा, हे भावाचं अजून ठरत नाही. परवाच विचारत होता. मी दोन्हींचं पाणी मांडून दिलं आहे, पैशाचं गणित तो मांडतो आहे.

प्रश्न असतील तर जेवताना विचारा, मी पानावर तुमच्या शेजारीच बसतो आहे.