ओवी रचणारा ख्रिस्ती संन्यासी



खजराण्याच्या गणपतीला नित्य जाणाऱ्या आपणा इंदूरकर मंडळींपुढे मी एका ख्रिस्ती संन्याशाविषयी बोलणार आहे. परभाषेच्या गजबजाटात मराठी जपणे म्हणजे काय, हे आपण जाणतोच. फादर टॉमस स्टीफन्स यांनी तर ती मुळापासून शिकून घेतली. इंग्लंडात जन्मलेले हे जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत बहुतांशी साष्टीत राहिले. १५८३च्या एका पत्रात त्यांनी येथील भाषांचे ग्रीक-लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले. विल्यम जोन्स यांच्या दोनशे वर्षे आधी!

त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ओव्या दहा हजारांहून अधिक, लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. ज्ञानदेव-एकनाथांचा छंद त्यांनी घेतला, ‘वैकुंठ’सारखे शब्दही घेतले. नवख्रिस्ती लोकांना पुराणांची उणीव भासत होती. पण ती पुराणे हिरावून घेणाऱ्या राजवटीच्या आश्रयानेच हा पाद्री आला होता. ही अडचण मला टाळावीशी वाटत नाही. काव्य गोड आहे. ज्या पोकळीत ते रुजले ती मात्र जुलमाने पाडलेली होती. पुढे १६८४ मध्ये त्याच राजवटीने स्थानिक भाषेवर बंदी घातली. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. भाविकांनी नकलून ठेवलेल्या हस्तलिखितांवरूनच जे. एल. सल्ढाना यांनी १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले.