माथेरानच्या पायवाटा

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी नेरळ स्थानकात शिरू लागली की उजव्या हाताला झाडीने भरलेला एक लांबट डोंगर दिसू लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीचा हा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा उभा आहे. त्याच्या बाजू कड्यांनी तुटलेल्या असून माथा सपाट आहे. त्या माथ्यावर दाट रान आणि रानात एक लहानसे गाव आहे. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, अशी या नावाची फोड सांगतात. 2011 च्या जनगणनेत या गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आत भरली होती. गाव लहान असले तरी त्याची कीर्ती मोठी आहे, आणि ती मुख्यतः एका गोष्टीमुळे आहे. येथे माणसाला पायी चालावे लागते.

माथेरानचा इतिहास बहुधा 1850 पासून सांगितला जातो. त्या वर्षीच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी, चौक येथे होता. एका संध्याकाळी ते सहज फिरत अर्ध्या चढापर्यंत गेले. तेथील झाडी पाहून त्यांना मोह पडला आणि दुसऱ्या दिवशी गावच्या पाटलाला बरोबर घेऊन ते एका ओढ्याच्या पात्रातून माथ्यावर पोहोचले. पुढे त्यांनी तेथे घर बांधले, काही वाटा आखल्या, आणि माथेरान हे थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आले. हा वृत्तांत खरा आहे. पण त्यातील एक तपशील सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मॅलेटसाहेब माथा पाहून उतरले ते रामबागेच्या वाटेने, आणि ही वाट त्या काळी माथ्यावरून चौकाकडे येण्याचा रुळलेला मार्ग होती. म्हणजे ज्या डोंगराचा शोध लागला असे म्हणतात, त्याला आधीपासून वाट होती आणि त्या वाटेवरून माणसांची ये-जा चालू होती. वाट दाखवणारा पाटील होता. इतिहासात नाव मात्र कलेक्टरांचे राहिले.

माथेरानच्या नकाशावर आजही ही दोन नावांची भाषा दिसते. अलेक्झांडर, लुईझा, गार्बट ही टोकांची नावे साहेबी आहेत. तळ्याचे नाव शार्लट. पण त्या तळ्याच्या काठी बसलेला ग्रामदेव पिसरनाथ आहे. नव्या नावांची टोके पाहायला पाहुणे येतात. जुन्या नावांच्या वाटांनी आसपासची गावे ये-जा करतात.

या वाटा डोंगराच्या चारही अंगांनी चढतात. नेरळहून निघालेली वाट जुम्मापट्टीवरून वर येते आणि मधूनमधून छोट्या रेल्वेच्या रुळांना भेटते. भिवपुरी रोड स्थानकावर उतरून डिकसळ आणि सागाची वाडी या मार्गे गेले की गार्बटच्या पठारावर पोहोचता येते. या वाटेवर पावसाळ्यानंतर गवत कमरेइतके वाढलेले असते. दक्षिणेकडून, चौकाच्या बाजूने, रामबागेची वाट आणि एकट्या झाडाच्या टेकडीजवळची शिवाजीची शिडी या नावाने ओळखली जाणारी घळ आहे. पश्चिमेस पनवेलच्या बाजूला धोदाणी हे गाव आहे. तेथून उभ्या चढाने सूर्यास्ताच्या टोकावर येता येते. वायव्येकडे रुळांच्या कडेने चालत गेले की कड्यावरचा गणपती लागतो आणि पुढे पेबचा किल्ला, म्हणजेच विकटगड, समोर येतो.

यांपैकी कोणत्याही वाटेने एखादा प्रवासी हौसेने चढला, तर तो दम खात दोन-तीन तासांनी वर पोहोचतो आणि पराक्रम केल्याच्या समाधानाने मागे पाहतो. त्याच वाटेवर त्याला डोक्यावर भाजीची पाटी किंवा हातात दुधाचा कॅन घेतलेली माणसे भेटतात. पायथ्याच्या आणि उतारावरच्या वाड्यांतील ठाकर, कातकरी व धनगर कुटुंबांनी माथ्यावरच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या दूध, भाजी, गवत, लाकूडफाटा पुरवला आहे. रानातली करवंदे आणि जांभळेही याच वाटांनी बाजारात आली. प्रवाशाला जो चढ एका दिवसाचा आनंद वाटतो, तो या माणसांचा बाजाराचा रस्ता आहे.

या वाटांनी एक वेगळा पराक्रमही पाहिला आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, यांचा जन्म 1912 साली माथेरानमध्येच झाला. वकील होऊन ते खालच्या गावांतील शेतकऱ्यांमध्ये काम करू लागले आणि माथेरानच्या नगरपालिकेतही त्यांनी जबाबदारी सांभाळली. 1942 च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. या भागातील डोंगर आणि रान हाच त्यांच्या दस्त्याचा आसरा होता. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात त्यांना आणि हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळीने वीरमरण आले.

माथेरानवर चाके आली ती सावकाश. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली दोन फुटी रुळांची रेल्वे 1907 साली सुरू झाली. नेरळहून मोटारीचा रस्ता झाला, पण तो दस्तुरी नाक्यावर थांबतो. तेथून पुढे मोटारीला बंदी आहे. 2003 साली माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला आणि या जुन्या शिस्तीला कायद्याचे बळ मिळाले. परंतु या शिस्तीची किंमत कोणीतरी मोजत होते. ज्यांना चालवत नव्हते किंवा चालायचे नव्हते, अशा पाहुण्यांना माणसे हातरिक्षात बसवून ओढत होती. 2022 च्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोगादाखल आल्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेणे हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असे ठरवून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. मोटार नको हा आग्रह योग्यच होता. पण मोटारीऐवजी माणूस जुंपणे हा त्याचा अर्थ नव्हता, हे समजायला फार वर्षे लागली.

वाटांचा दुसरा प्रश्न मातीचा आहे. माथेरानच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर असून त्याची तांबडी माती भुसभुशीत आहे. टापांनी आणि पावलांनी ती मोकळी होते आणि पावसाळ्यात पाण्याबरोबर वाहून जाते. वाट खोल जाते, झाडांची मुळे उघडी पडतात आणि एखाद्या वादळात ते झाड कोसळते. यावर उपाय म्हणून वाटांवर ठोकळे बसवावेत की नाही, हा वादही न्यायालयापर्यंत गेला. परंतु प्रत्येक पायवाट बांधून काढणे हा उपाय नव्हे. पाणी वाटेवरून न वाहता तिच्या कडेने उतरेल अशा आडव्या चरी काढणे, दगडांच्या ओळी घालणे आणि वाट सोडून नव्या आडवाटा न पाडणे, ही साधी कामे अधिक उपयोगाची आहेत. शेवटचे काम तर प्रत्येक चालणाऱ्याच्या हातचे आहे.

मात्र पायवाटेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. माथेरानच्या दक्षिणेला, चौकाजवळ, इर्शाळगडाचा सुळका आहे. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. तेथे जायला पायवाटेखेरीज मार्ग नव्हता. 19 जुलै 2023 च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा वाडीवर कोसळला. मदतीला धावलेल्या माणसांना अंधारात, चिखलातून, तो चढ पायीच चढावा लागला. माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 माणसे बेपत्ता राहिली. पुढे वाचलेल्यांसाठी चौकाजवळ नवी वसाहत उभारण्यात आली. ज्या वाटेवर हौशी पदयात्री सुट्टीच्या दिवशी चढत असत, त्याच वाटेवर एका वाडीचे सारे जीवन अवलंबून होते. ती वाट संकटाच्या रात्री अपुरी पडली.

म्हणून माथेरानच्या पायवाटा जपायच्या म्हणजे केवळ झाडी आणि माती जपायची असे नव्हे. त्या वाटांवरून ज्यांचे रोजचे जीवन चालते, त्यांच्या घरांची जागा सुरक्षित आहे की नाही, आजाऱ्याला वेळेवर खाली आणता येते की नाही, त्यांच्या दुधाला आणि भाजीला योग्य मोल मिळते की नाही, हेही त्यात येते. वाट रानात रुळते ती वापराने. वापरणारी माणसे गेली की दोन पावसाळ्यांत गवत तिला गिळून टाकते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या वाटांवर चालण्याचा उत्तम काळ. पावसाळ्यात घळी निसरड्या असतात, धुके वाट लपवते आणि दरड केव्हा सुटेल याचा भरवसा नसतो. त्या दिवसांत अनोळखी वाटेला जाऊ नये. पाणी बरोबर घ्यावे, नेलेला कचरा परत आणावा आणि शक्य तर पायथ्याच्या गावातील जाणता सोबती घ्यावा. त्याच्या श्रमाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. 1850 साली चौकातून निघालेल्या साहेबालाही माथ्यावर नेणारा गावचाच माणूस होता. तेव्हा त्याचे नाव कोणी विचारले नाही. आज या वाटेने चढणाऱ्याने आपल्या सोबत्याचे नाव विचारून घ्यावे.