म्हातारपणाची हजेरी



मी डॉक्टर नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि शिक्षण झाले ते सभांतून व रात्रीच्या वाचनातून. तरीही म्हातारपणाच्या आरोग्यावर बोलण्याचे धाडस करतो; कारण ते आरोग्य जितके औषधावर, तितकेच घरावर आणि शेजारावर अवलंबून असते.

मुंबईच्या बी. डी. डी. चाळींचेच पाहा. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे त्या उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, खोली 160 चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. सत्तरीच्या माणसाने ओल्या फरशीवरून रात्री तिथवर जायचे. पाय घसरून मांडीचे हाड मोडले, की अंथरूण धरलेच. रात्री उठावे लागू नये म्हणून कित्येक वृद्ध तिन्हीसांजेनंतर पाणीच पीत नाहीत, हे आपण जाणताच.

पण त्याच चाळीत दारे समोरासमोर असत. सकाळी एखादे दार उघडले नाही, तर शेजारीण कडी वाजवी.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या 556 कुटुंबांना उंच इमारतींतील 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शौचालय घरात आले, लिफ्ट आली. हे मोल लहान मानू नका. परंतु लिफ्ट बंद पडली, तर वरच्या मजल्यावरचा म्हातारा कैदी होतो. बंद दारामागे त्याचे बोलणे तुटते, मग चालणे कमी होते आणि शेवटी हातपाय आखडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली वृद्धांना सोयीच्या शहरांविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात घरांबरोबर मोकळ्या जागा, वाहतूक आणि समाजातील सहभाग यांचाही विचार आहे. आपण मात्र घर मागताना चौरस फूटच मोजतो! न्हाणीघरात धरायला दांडी, जिन्यावर रात्रभर दिवा, मजल्यावर बसायला बाक आणि निवृत्तांना झेपेल एवढाच देखभालखर्च, या मागण्याही अर्जात लिहा.

हे सरकारकडून आणि बांधणाऱ्याकडून घ्यायचे. एक गोष्ट मात्र आपणच द्यायची आहे. खात्यात सोबती दोन दिवस दिसला नाही, तर आपण त्याच्या घरी चौकशीला जातो. तशीच आपल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची रोज सकाळी हजेरी घ्या. त्याला निधी लागत नाही, ठरावही लागत नाही.