अंडरस्कोरचा उंबरठा

(मंडळाच्या मासिक बैठकीतील भाषण)



आपल्या बऱ्याच मुलांना शाळेत प्रोग्रॅमिंग असतं, म्हणून समितीने मला "सोप्या भाषेत काहीतरी सांगा" असं फर्मावलं. मी आज फक्त एका आडव्या रेघेबद्दल बोलणार आहे. अंडरस्कोर!

आपल्या जुन्या घरांत पुढे ओसरी असायची आणि आत माजघर. माजघराला कुलूप नसे, पण परका माणूस न विचारता आत जात नसे. प्रोग्रॅममधल्या 'क्लास'चंही तसंच. काही गोष्टी बाहेरच्यांसाठी, काही फक्त घरच्यांसाठी.

जावा, सी शार्प या भाषांत आतल्या व्हेरिएबलला 'प्रायव्हेट' म्हटलं की कंपायलरच बाहेरच्याला दारात अडवतो. तरीही सी शार्पवाले बरेचदा अशा नावाआधी रेघ देतात, वाचणाऱ्याला चटकन कळावं म्हणून. पायथॉनमध्ये मात्र कुलूपच नाही. २००१ सालच्या 'पेप ८' या नियमावलीनुसार _शिल्लक असं नाव दिसलं की समजायचं, ही माजघरातली वस्तू. (हो, पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात!) दोन रेघा दिल्या, तर 'खाते' क्लासमधल्या __शिल्लक चं नाव आतल्या आत _खाते__शिल्लक होतं. तेही कुलूप नव्हे. उपक्लासमधल्या नावांशी टक्कर टाळण्याची ती सोय. जावास्क्रिप्टवाल्यांनीही वर्षानुवर्षं रेघेवर भागवलं. २०२२ च्या आवृत्तीत # हे चिन्ह आलं, तेव्हा खरं कुलूप लागलं.

आता माझी चूक सांगतो. एका कंपनीत पगाराच्या प्रोग्रॅमवर काम करताना घाईघाईत मी दुसऱ्या टीमचं रेघवालं व्हेरिएबल थेट वापरलं. काम झालं, शाबासकीही मिळाली. सहा महिन्यांनी त्या टीममधल्या एका नवीन मुलीने ते नाव बदललं. तो तिचा हक्कच होता. त्या रात्री पगाराची फाईल निघाली नाही आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे तिच्यावर तुटून पडले. मी गप्प बसलो. दुपारी चूक कबूल केली, तिची माफीही मागितली, पण ती सकाळ अजून टोचते.

म्हणून मुलांनो, कुलूप नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. आतलं काही हवं असेल तर घरच्यांकडे मागा. ते बाहेर आणून देण्याची रीतसर सोय करतील. आणि स्वतः लिहाल तेव्हा उंबरठ्याची ती रेघ काढायला विसरू नका.