गिरणगाव : एका वस्तीचे वाचन



शताब्दीच्या मंगल प्रसंगी मी मुंबईच्या गिरणगावाचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या उज्जैनच्या विनोद मिलचा भोंगा ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना लालबाग-परळ परके वाटू नये.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा उपक्रम आरंभिला. पुढे गिरण्यांच्या आश्रयाने जी वस्ती वाढली, तीत कोकणी होते, घाटावरचे होते. उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान विणकर आणि तेलुगू पद्मशालीही होते. एका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यावी, पाळीपाळीने तीत पाठ टेकावी आणि खाणावळीत जेवावे, असा तो संसार. (या खाणावळी चालविणाऱ्या बायांचे ऋण आपल्या साहित्याने अद्याप फेडलेले नाही, असे माझे मत आहे.)

या सरमिसळीचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. पण धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. तेवढ्या विटाळाच्या भयाने ते खाते अस्पृश्य कामगारांना बंद राहिले. मालकाविरुद्ध एकजूट करणारे हात धोट्यापाशी मात्र वेगळे होत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा तो कामगार पुढाऱ्यांनाही अडचणीचा वाटला.

तरीही याच वस्तीत वाचनाची भूक होती. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि मोफत वाचनालये चालविली. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढविलेला अनाथ मुलगा पुढे कवी नारायण सुर्वे झाला. वाटेगावाहून आलेले अण्णा भाऊ साठे याच कामगार वस्त्यांतून शाहीर म्हणून उभे राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आज त्या जागी गगनचुंबी इमारती आहेत.

आपल्या गावच्या गिरण्याही बंद पडल्या. तेथील कामगार, मग ते कोणत्याही भाषेचे वा जातीचे असोत, आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून या ग्रंथालयात ठेवण्याचे काम कार्यकारी मंडळाने याच वर्षी हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. कोणत्या खात्यात कोणाला प्रवेश नव्हता, हेही त्यांना अवश्य विचारावे.