स्वतःचे विमान : मालकी आणि जबाबदारी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावर सोपविली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि हयात गेली ती मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यात. असा मनुष्य खासगी विमानाविषयी बोलणार हे ऐकून कित्येकांस नवल वाटले असेल. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील मुले, आणि विशेष आनंदाची गोष्ट म्हणजे मुलीही, 'आम्हांस विमान चालवावयाचे आहे' असे उघडपणे म्हणू लागली आहेत. त्यावर घरोघर दोनच उत्तरे मिळतात. आई म्हणते, 'नको ग बाई, जिवाला घोर.' वडील म्हणतात, 'तो श्रीमंतांचा षोक आहे.' या दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. पण पूर्ण सत्य निराळे आहे, असे माझ्या वाचनावरून मला वाटते. ते आपणांपुढे मांडावे एवढाच आजचा हेतू.

प्रथम थोडा इतिहास. विमान ही वस्तू आरंभी लष्कराची आणि काही साहसी संशोधकांची होती. सामान्य गृहस्थाने ती विकत घ्यावी, असा विचार प्रत्यक्षात आला तो इंग्लंडातील द हॅविलंड कंपनीच्या 'मॉथ' या छोट्या विमानामुळे. त्याचे पहिले उड्डाण २२ फेब्रुवारी १९२५ रोजी झाले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले कापड, दोन माणसांना पुरेल एवढी जागा, आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन. त्याचे पंख मागे दुमडून ठेवता येत, त्यामुळे फार मोठी जागा लागत नसे. पुढे १०० अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन बसविलेली 'जिप्सी मॉथ' निघाली आणि देशोदेशींच्या उड्डाणसंस्थांनी ती आपलीशी केली. आपल्याकडे मुंबईच्या जुहू येथे १९२८ साली विमानतळ झाला, आणि त्याच साली बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय.

आता याच टाटांची एक हकिकत सांगतो, कारण माझ्या विषयाचे मर्म तीत आहे. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने, एका महिन्याच्या आत, विमानाने कापणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. १९३० साली तीन तरुण या स्पर्धेत उतरले : मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि टाटा. अस्पी अवघे सतरा वर्षांचे होते व इंग्लंडहून कराचीकडे येत होते. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते. वाटेत ईजिप्तमधील अबुकिर येथे टाटा उतरले, तो अस्पी तेथे खोळंबून बसलेले दिसले. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग आपल्या प्रतिस्पर्ध्यास दिले. स्पर्धा अस्पींनी जिंकली. हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० साली भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले.

बंधूंनो, ही केवळ दिलदारीची गोष्ट नव्हे. विमान एकट्याचे असले तरी उड्डाण एकट्याचे कधीच नसते, हे जाणणाऱ्या माणसाची ती कृती आहे. आज दुसऱ्याच्या इंजिनात जो बिघाड झाला, तो उद्या आपल्या इंजिनात होणार नाही असे कोण सांगेल?

यावर कोणी म्हणेल, टाटांचे घराणे धनवान; त्यांचे उदाहरण आम्हांस काय कामाचे? म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. एमी जॉन्सन ही इंग्लंडातील हल गावच्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत ती नोकरी करी आणि मोकळ्या वेळात उड्डाण शिके. परंतु केवळ विमान चालविणे शिकून ती थांबली नाही. अंगात कारागिराचा झगा घालून, यंत्रशाळेत हात काळे करून, तिने विमान-दुरुस्तीचा सरकारी परवानाही मिळविला. हा मान मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री. त्यानंतर वडिलांच्या आणि एका उद्योगपतीच्या साहाय्याने तिने सुमारे ६०० पौंडांस एक वापरलेली जिप्सी मॉथ घेतली आणि ५ मे १९३० रोजी ती एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली.

ब्रह्मदेशात पावसाने तिला गाठले. रंगूनऐवजी ती जवळच्या इन्सिन येथील शासकीय तंत्रविद्यालयाच्या मैदानावर उतरली आणि विमान खड्ड्यात जाऊन पंख मोडला. तेव्हा त्या विद्यालयाच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी तिचे विमान दुरुस्त करून दिले. पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे सदरे तेथे कोणी शिवून घेतले होते. ते उसवून पंखाला ठिगळे लावली. २४ मे रोजी ती ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे पोचली. पूर्वीच्या वैमानिकाचा विक्रम तिला मोडता आला नाही. तरीही जगाने तिला डोक्यावर घेतले, आणि तिचे ते विमान आजही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. मी शिक्षक असल्यामुळे मला मात्र त्या संग्रहालयापेक्षा इन्सिनच्या त्या विद्यार्थ्यांची आठवण अधिक येते. त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. पण त्यांच्या हातांवाचून ते विमान डार्विनला पोचते ना.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. आज जगात सर्वांत अधिक संख्येने बांधले गेलेले विमान म्हणजे अमेरिकेतील 'सेसना १७२'. चार आसनांचे हे विमान १९५६ पासून बाजारात आहे आणि आजवर ४४ हजारांहून अधिक बांधली गेली आहेत. असे विमान बाळगणाऱ्याचा दिनक्रम पाहण्यासारखा असतो. उड्डाणापूर्वी तो विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालतो. पण ही प्रदक्षिणा भक्तीची नव्हे, संशयाची असते. प्रत्येक बिजागरी हलवून पाहावयाची, टायर पाहावयाचे, तेल मोजावयाचे. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेसारख्या पारदर्शक भांड्यात काढून त्यात पाणी तर नाही ना, हे पाहावयाचे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. ते इंजिनात गेले तर इंजिन आकाशात बंद पडावयाचे, आणि तेथे रस्त्याच्या कडेला थांबण्याची सोय नसते!

दुसरी एक गंमत ऐका. हवेत गारवा नसतानाही इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद मार्गातून हवा वेगाने जाताना तेथील उष्णता एकदम उतरते, व दमट हवेतील बाष्प गोठते. वाट बुजली की इंजिनाचा जोर कमी होतो. त्यासाठी गरम हवा आत सोडण्याची कळ असते. ती केव्हा ओढावी, हे मालकास ठाऊक असले पाहिजे. शिवाय परवानाधारक कारागिराकडून ठराविक मुदतीने संपूर्ण तपासणी करून घ्यावयाची आणि प्रत्येक तासाची व प्रत्येक दुरुस्तीची नोंद वहीत ठेवावयाची. तात्पर्य, विमान घेणे ही गाय पाळण्यासारखी गोष्ट आहे. धार काढण्याच्या वेळेपुरतेच गोठ्यात जाऊन भागत नाही.

परंतु सर्वांत कठीण परीक्षा यंत्राची नसून मनाची आहे. प्रवासी विमानाच्या वैमानिकामागे मोठी व्यवस्था उभी असते. हवामान पाहणारे, वेळापत्रक आखणारे आणि 'आज जाऊ नका' असे सांगणारे लोक असतात. खासगी विमानाच्या मालकास 'नको' म्हणणारा बहुधा कोणीच नसतो. त्याला स्वतःचा वरिष्ठ स्वतःच व्हावे लागते. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते, आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय फसवू लागते. विमान कललेले असतानाही आपण सरळ चाललो आहोत असे वाटते. उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या कित्येक वैमानिकांनी या भ्रमात प्राण गमावले आहेत. आपल्या सह्याद्रीच्या बाबतीत तर पावसाळ्यात ढग आणि डोंगर यांतील भेद कळणेच कठीण. १९३२ साली टाटांनी कराची-मुंबई टपालसेवा एका इंजिनाच्या छोट्या 'पुस मॉथ' विमानाने सुरू केली, तेव्हा पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलमय होत असल्याने त्यांनाही मुंबई सोडून पुण्याहून उड्डाणे करावी लागत. निसर्गापुढे माघार घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याने इतर तिघांसमवेत भागीदारीत एक छोटे विमान घेतले आहे. गेल्या खेपेस तो भेटावयास आला असता मी सहज विचारले, 'काय रे, विमान घेऊन सर्वांत मोठे काय मिळविलेस?' तो म्हणाला, 'गुरुजी, न जाण्याची सवय.' मग त्याने सांगितले की, मुलीच्या पदवीदान समारंभास तो विमानाने निघणार होता. सर्व सिद्धता झाली होती, नातलगांस कळविले होते. सकाळी पाहतो तो वाटेतील खिंडीवर ढग उतरलेले. त्याने विमान पुन्हा आत लावले आणि मोटारीने निघाला. समारंभ अर्धा झाल्यावर तो पोचला. मुलीस पदवी मिळाली तो क्षण हुकला. मुलगी दोन दिवस नीट बोलली नाही, मित्रांनी थट्टा केली. 'पण गुरुजी,' तो म्हणाला, 'रुसायला तिचा बाप शिल्लक होता.' माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीत कोणा विद्यार्थ्याने मला याहून मोठा धडा दिला नाही.

खर्चाविषयी दोन शब्द. विमान विकत घेण्यापेक्षा ते ठेवणे महाग पडते. जागेचे भाडे, विमा, तपासणी हे खर्च विमान उडो वा न उडो, चालूच राहतात. म्हणून परदेशातही सामान्य स्थितीचे लोक भागीदारी करतात, किंवा उड्डाणसंस्थेचे विमान तासाच्या दराने घेतात. सहकार ही काही आपणांस नवी गोष्ट नाही.

आणि जिद्दीचे उदाहरण हवे असल्यास आपल्या महाराष्ट्रातच आहे. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीत चारकोप येथील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते गच्चीवरून खाली उतरवून मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले. पण विमान बांधून काम संपले नव्हते. सरकारी नोंदणीसाठी त्यांस दीर्घ काळ झगडावे लागले व ती २०१७ च्या नोव्हेंबरात मिळाली. गच्चीवर लोखंड ठोकण्यापेक्षा कचेरीत नियमांची वाट पाहणे अवघड. तरीही नियम डावलून त्यांनी उड्डाण केले नाही, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी पालकांस माझी विनंती. आपल्या देशात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण एवढ्या अटी आहेत. मुलाने वा मुलीने इच्छा बोलून दाखविली, तर भीतीने नकार देऊ नका आणि मिरविण्यासाठी होकारही देऊ नका. तिला तीन प्रश्न विचारा. यंत्र उघडून हात काळे करावयाची तुझी तयारी आहे काय? स्वतःची चूक वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवशील काय? आणि चारचौघे हसत असताना 'आज मी जात नाही' असे म्हणण्याचे धैर्य तुझ्यात आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तर तिच्या पाठीशी उभे राहा. आणि आकाशात जाण्याचा योग नाही आला, तरी या तीन गुणांनी जमिनीवरचा संसारही सुखाचा होतो.